एका पार्टसाठी अख्खं मशीन: एसपीएम म्हणजे काय आणि ते का लागतं

चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात नव्या कारखान्याची घोषणा झाली की बातमीत गुंतवणुकीचा आकडा असतो, नोकऱ्यांचा आकडा असतो आणि शेजारी एखाद्या नारिंगी रोबोचा फोटो असतो. ऑटोमेशन म्हणजे रोबो, ही समजूत त्यातूनच पक्की होत जाते. पण तुमच्या दुचाकीच्या ब्रेकचा सिलिंडर, गिअरबॉक्सचं आवरण किंवा पाण्याचा पंप ज्या यंत्रांवर तयार होतो, त्यांतली बरीचशी रोबोसारखी दिसतच नाहीत. जाड लोखंडी चौकट, मधे फिरणारं टेबल, भोवती पुढे-मागे होणाऱ्या स्लाइड आणि समोर दोन मोठी बटणं, असा त्यांचा अवतार. पुण्यात त्यांना 'एसपीएम' म्हणतात. भोसरीपासून पिरंगुटपर्यंत कितीतरी गाळ्यांच्या पाट्यांवर हे नाव आहे. तरी घरातली इंजिनिअर झालेली मुलगी 'मी एसपीएम डिझाइनला आहे' असं सांगते, तेव्हा ती दिवसभर नेमकं काय करते हे आईवडिलांना कळत नाही.

## विळी आणि खवणी

कारखान्यातली यंत्रं ढोबळमानानं दोन जातींची. लेथ, मिलिंग आणि संगणकावर चालणारं व्हीएमसी ही पहिल्या जातीची. प्रोग्रॅम बदला, टूल बदला, आज पंपाचं झाकण करा, उद्या मोटरचं. दुसरी जात स्पेशल पर्पज मशीनची, म्हणजेच एसपीएमची. ते एका ठरावीक पार्टवरच्या ठरावीक कामासाठीच बांधलेलं असतं. विळी आणि खवणीत जो फरक, तोच इथे. विळीवर भाजी चिरता येते, मासळी साफ होते, फणसही फोडता येतो. खवणीला नारळाखेरीज काही येत नाही, पण नारळ खवायचा म्हटलं की विळीचं पातं तिच्या जवळपासही पोचत नाही. वर्षाकाठी दोन-चार नारळ फोडणाऱ्या घरात खवणी नसली तरी चालतं. मोदकांच्या ऑर्डरी घेणाऱ्या बाईंचं तिच्यावाचून अडतं.

ही कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश नौदलाला शिडांच्या दोरखंडांसाठी दर वर्षी लाखाच्या घरात लाकडी कप्प्या लागत. मार्क ब्रुनेल यांनी त्यासाठी यंत्रांची मालिका आखली आणि हेन्री मॉडस्ले यांनी ती घडवली. पोर्ट्समथच्या गोदीत अशी ४५ यंत्रं बसली. भोक पाडणारं वेगळं, खोबण पाडणारं वेगळं, कडा गोलावणारं वेगळं. १८०८ पर्यंत तिथून वर्षाला १ लाख ३० हजार कप्प्या निघू लागल्या आणि ११० कुशल कारागिरांचं काम १० साधे कामगार करू लागले. यातली काही यंत्रं विसाव्या शतकातही चालू होती, कारण कप्पीचा आकार बदललाच नाही.

एसपीएमचं सगळं अर्थकारण या शेवटच्या वाक्यात आहे. मशीन किती वेगानं चालतं हे सगळेच विचारतात. ज्या पार्टसाठी ते बांधलं, तो पार्ट आहे तसा किती वर्षं राहणार, हा प्रश्न मात्र फार कमी जण वेळेवर विचारतात.

## सत्तावीस सेकंदांचा हिशेब

समजा, एका कंपनीला वर्षाला ६ लाख ब्रेक सिलिंडर हवे आहेत. कामाचे दिवस ३००, पाळ्या दोन, चहा-जेवण वगळून पाळीत साडेसात तास. म्हणजे वर्षाला ४,५०० तास, अर्थात १ कोटी ६२ लाख सेकंद. त्याला ६ लाखांनी भागलं की २७ सेकंद येतात. दर २७ सेकंदांना एक चांगला पार्ट बाहेर पडायलाच हवा. या आकड्याला 'टॅक्ट टाइम' म्हणतात. टूल बदलावं लागणार, कधी सेन्सर रुसणार, कधी वीज जाणार, म्हणून ८५ टक्केच वेळ हाती लागेल असं धरलं तर हिशेब २३ सेकंदांवर येतो.

आता त्या सिलिंडरवर कापण्याचं काम एकूण ९० सेकंदांचं आहे असं धरू. व्हीएमसीवर टूल फिरवणारा दांडा, म्हणजे स्पिंडल, सहसा एकच असतो, त्यामुळे कामं एकामागोमाग होतात. पार्ट लावण्या-काढण्याचे १० सेकंद मिळवले की १०० होतात. दर २३ सेकंदांना पार्ट हवा असेल तर पाच व्हीएमसी घ्याव्या लागतील.

एसपीएमवर तेच काम वाटून दिलं जातं. गोल टेबलावर सहा जागा असतात. एका जागी ऑपरेटर तयार पार्ट काढून कोरा पार्ट लावतो. त्याच वेळी उरलेल्या पाच जागी पाच पार्टवर वेगवेगळी कामं चालू असतात: भोक पाडणं (ड्रिल), ते रुंदावणं (बोअरिंग), नेमक्या मापाचं गुळगुळीत करणं (रीमर), आटे पाडणं वगैरे. टेबल एक घर पुढे सरकलं की एक पार्ट पूर्ण. इथे ९० सेकंदांच्या बेरजेला अर्थ उरत नाही. सगळ्यांत हळू जागेला जेवढा वेळ लागेल, तोच मशीनचा वेग. ती जागा १९ सेकंद घेत असेल आणि टेबल सरकायला २ सेकंद लागत असतील, तर दर २१ सेकंदांना पार्ट मिळतो.

त्यामुळे डिझाइन करणारी व्यक्ती सुरुवातीचे कित्येक दिवस यंत्राचं चित्रही काढत नाही. हळू जागेवरचं ओझं कुठे हलवता येईल, एवढाच विचार चाललेला असतो. खोल भोक असेल तर निम्मं एका जागी आणि उरलेलं पुढच्या जागी पाडतात. भोकं जवळजवळ असतील तर एकाच हेडला चार ड्रिल लावून चारही एकदम पाडतात. एक-एक सेकंद असा काढावा लागतो.

## मशीनच्या आधी पकड

या विषयातला मला सगळ्यांत सुंदर वाटणारा भाग फिक्श्चरचा आहे. काम चालू असताना पार्टला जागच्या जागी धरून ठेवणारी रचना म्हणजे फिक्श्चर. बघणाऱ्याचं लक्ष गरगर फिरणाऱ्या ड्रिलकडे जातं, पण पार्ट बरोबर निघणार की बिघडणार हे बहुतेक वेळा फिक्श्चरवर ठरतं.

कुठलीही मोकळी वस्तू तीन अक्षांवर सरकू शकते आणि त्याच तीन अक्षांभोवती फिरू शकते. एकूण सहा हालचाली. दर वेळी पार्ट अगदी तसाच बसायला हवा असेल तर या सहाही हालचाली थांबवायला हव्यात, आणि त्यासाठी टेकूचे नेमके सहा बिंदू पुरतात: तळाला तीन, लांब बाजूला दोन, आखूड बाजूला एक. याला 'थ्री-टू-वन'चा नियम म्हणतात. तळाला तीनच का? तीन बिंदूंवर कुठलाही पृष्ठभाग टेकतोच. चौथा पक्का टेकू दिला तर ओतीव पार्ट कधी या तिघांवर बसतो, कधी त्या तिघांवर, आणि भोकाची जागा दर वेळी केसभर हलते.

मग क्लॅम्प, म्हणजे दाबून धरणारा भाग. तो टेकूच्या बरोबर वर हवा. टेकू एकीकडे आणि दाब दुसरीकडे असेल तर पार्ट किंचित वाकतो. वाकलेल्या अवस्थेत मशीन अगदी गोल भोक पाडतं. क्लॅम्प सुटला की पार्ट मूळ आकारावर येतो आणि ते गोल भोक लंबगोल होतं. मोजणीत हा दोष दिसला की सगळे ड्रिलला, स्पिंडलला, ऑपरेटरला बोल लावतात. खरं कारण डिझाइनच्या कागदावरच पडलेलं असतं.

कीस हा आणखी एक शत्रू. टेकूवर धातूचा एक बारीक कण राहिला तरी पार्ट तिरका बसतो. यावर एक छान युक्ती आहे. टेकूच्या मधोमध बारीक भोक ठेवून त्यातून हवा सोडतात. पार्ट नीट टेकला तर हवा अडते आणि दाब वाढतो. हा दाब दिसल्याशिवाय मशीन सुरूच होत नाही. पार्ट उलटा लावला जाऊ नये म्हणून एखादी साधी खुंटी अशा जागी ठोकतात की उलटा पार्ट तिथे बसतच नाही. चूक करायला जागाच न ठेवण्याच्या अशा युक्त्यांना 'पोका-योके' म्हणतात. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी ही पद्धत १९६० च्या दशकात रुजवली. आज पुण्यातल्या कुठल्याही वाहन-सुट्या-भागांच्या कारखान्यात मराठी ऑपरेटरच्या तोंडी हा शब्द सहज असतो.

## कापत नाहीत अशीही मशीन

एसपीएम म्हणजे भोकं पाडणारंच मशीन, असं नाही. जोडणी करणारी आणि तपासणारीही असतात. बेअरिंग दाबून बसवणारं मशीन घ्या. ते नुसतं दाबत नाही, दाबताना किती जोर लागला आणि बेअरिंग किती आत गेलं याचा आलेखही ठेवतं. जोर फार कमी लागला तर बेअरिंग सैल आहे. अचानक वाढला तर ते तिरकं शिरतंय. दोन्ही वेळा मशीन पार्ट अडवून धरतं. बाहेरून पाहून हा फरक कुणालाही कळला नसता.

गळती तपासणारं मशीन तर फारच नाजूक. पार्टमध्ये हवा भरायची, झडप बंद करायची आणि दाब उतरतो का ते पाहायचं. ऐकायला सोपं आहे. पण बंद जागेतल्या हवेचा दाब तापमानाबरोबर बदलतो. आत निरपेक्ष, म्हणजे निर्वातापासून मोजलेला, ३ बार दाब असेल आणि हवा १ अंशानं थंड झाली, तर गळती अजिबात नसताना दाब सुमारे १० मिलिबारनं उतरतो. बारीक गळती शोधताना हा आकडा प्रचंड आहे. गरम पाण्याच्या वॉशिंग मशीनमधून नुकताच बाहेर आलेला पार्ट लगेच तपासला, तर चांगला पार्टही गळका ठरू शकतो. म्हणून चांगला डिझायनर आधी विचारतो: याच्या आधी कोणतं काम होतं, पार्ट किती कोमट असतो, शेडमध्ये पंखा कुठे आहे?

## 'मग सरळ रोबोच का घेत नाही?'

हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. रोबोचा हात लांब असतो, सहा सांध्यांवर वळतो. उचलणं, ठेवणं, वेल्डिंग, रंगकाम यांत तो तरबेज. १९६१ साली जनरल मोटर्सच्या कारखान्यात पहिला औद्योगिक रोबो कामाला लागला, तेव्हा त्याचं काम डाय-कास्टिंगमधून, म्हणजे वितळलेला धातू साच्यात दाबून, निघालेले तापलेले पार्ट उचलण्याचं होतं. पण ड्रिलनं बिडात शिरताना जो रेटा बसतो, त्यापुढे तो लांब हात लवतो. मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजायची अचूकता हवी तर आखूड, जाड, घट्ट बांधणीच हवी. त्यामुळे कारखान्यात दोघं सोबतच दिसतात: एसपीएम काम करतं आणि रोबो त्याला पार्ट भरवतो. शिवाय रोबोला धरायचा पंजा आणि पार्ट ठेवायची जागा हीसुद्धा त्या पार्टसाठी मुद्दाम बनवावी लागते. म्हणजे रोबो घेतला तरी एसपीएमवाल्याचं दार वाजवावंच लागतं.

## 'इतकं महाग का? आणि इतके महिने का लागतात?'

कारण तुमच्या आधी हे मशीन कुणीच बनवलेलं नसतं. व्हीएमसी बनवणारी कंपनी डिझाइनचा खर्च शेकडो मशीनवर पसरवते. इथे नगच एक किंवा दोन, म्हणून सगळं डिझाइन, सगळ्या चाचण्या आणि सगळ्या चुका त्याच एका किमतीत बसवाव्या लागतात.

क्रम साधारण असा. ग्राहक पार्टचं ड्रॉइंग आणि नमुने देतो. एसपीएमवाला कल्पना मांडतो, भाव देतो. ऑर्डर मिळाली की सविस्तर डिझाइन होतं आणि ग्राहक ते मंजूर करतो. मग चौकटीचं फॅब्रिकेशन, मशिनिंग, जोडणी, हायड्रॉलिक पाइपिंग, वायरिंग आणि पीएलसीचा प्रोग्रॅम. पीएलसी म्हणजे मशीनचा कारभार चालवणारा छोटा, दणकट संगणक. शेवटी ग्राहकाचेच पार्ट लावून ट्रायल. इथे एक चांगला पार्ट निघून भागत नाही. सलग पार्ट काढून मापं घेतात आणि ती मर्यादेच्या आत कितपत ऐसपैस राहतात ते पाहतात. सगळी मापं काठावर पास होत असतील, तर आज पास झालेलं मशीन टूल थोडं झिजताच नापास पार्ट देऊ लागेल.

हे सगळं पुण्यात जमतं, याला इतिहास आहे. खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ ची. मुंढव्याची भारत फोर्ज १९६१ ची. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि पिंपरी-चिंचवडच्या माळरानावर कारखाने उभे राहिले. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, १९६६ मध्ये इथे आली आणि तिनं उत्तम टूलरूम, म्हणजे साचे, फिक्श्चर, टूल बनवणारा विभाग, उभी केली. अशा टूलरूममध्ये हात बसलेल्या माणसांनी पुढे भोसरी-चिंचवडमध्ये स्वतःचे गाळे घेतले. आज एका गाळ्यात डिझाइन, दोन गल्ल्या सोडून ग्राइंडिंग, पलीकडे हीट ट्रीटमेंट, आणि एखादा अडलेला बोल्ट-बुश पुण्याच्या हार्डवेअर बाजारात, बोहरी आळीत मिळून जातो. स्वस्त आयात मशीन घेऊ म्हणणाऱ्यांनी हेही मोजावं. मशीन रात्री अडलं तर सकाळी ज्यानं ते बांधलं तोच माणूस दुचाकीवर येऊन उभा राहतो, याची किंमत कोटेशनमध्ये दिसत नाही.

पैशांची बाजू मात्र दुखरी आहे. ॲडव्हान्स मिळतो, पाठवणीच्या वेळी मोठा हप्ता मिळतो, आणि शेवटचा हप्ता 'मशीन अजून नीट स्वीकारलेलं नाही' या शब्दांखाली महिनोन्महिने पडून राहतो. २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो की लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला हवेत, आणि माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर तो स्वीकारलाच असं धरायचं. म्हणून 'स्वीकारलं' म्हणजे किती पार्ट, किती वेगात, कोणत्या मापात, हे ऑर्डरवरच लिहून घेणं दोघांच्याही भल्याचं असतं.

## 'आणि माणसांच्या कामाचं काय?'

वरच्या उदाहरणात पाच व्हीएमसींच्या जागी एक मशीन आलं, म्हणजे लोडिंग करणारी माणसं कमी झाली. हे खरं आहे आणि ते झाकून बोलणं बरोबर नाही. डिझाइन, वायरिंग, प्रोग्रॅमिंग, देखभाल अशी नवी कामं तयार होतात हेही खरं. पण ज्याचं काम गेलं त्यालाच नवं काम मिळतं असं आपोआप होत नाही. मशीनच्या बजेटमध्ये जुन्या ऑपरेटरच्या प्रशिक्षणाचा खर्च मांडणारी कंपनी आणि न मांडणारी कंपनी, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरीकडे, कित्येक कामं माणसाच्या हातून जावीत अशीच होती. प्रेसमध्ये हात घालून पार्ट ठेवताना बोटं गमावलेले कामगार आपल्या औद्योगिक पट्ट्यात आहेत. एसपीएमवर दोन बटणं असतात ती याचसाठी: दोन्ही हात बटणांवर असले की आत एकही हात नसतो. नीट बनवलेल्या मशीनवर ती दोन्ही अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबावी लागतात, म्हणजे एक बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवण्याची पळवाट चालत नाही. उत्पादन वाढावं म्हणून ही सोय तारा जोडून बंद पाडणं याला मी गुन्हाच म्हणेन, तसं सांगणारा कितीही मोठ्या हुद्द्यावर असो.

## उद्या पार्टच बदलला तर?

एसपीएमचा खरा धोका इथे आहे. फोर्डनं मॉडेल टी या एकाच गाडीसाठी हजारो खास यंत्रं लावली होती. १९२७ च्या मे महिन्यात ती गाडी बंद झाली आणि पुढचं मॉडेल सुरू व्हायला सुमारे सहा महिने गेले. तेवढा काळ कारखाना जवळपास ठप्प होता, कारण यंत्रांना जुन्या पार्टखेरीज काही येत नव्हतं. पीएलसीचा जन्मही याच डोकेदुखीतून झाला. गाडीचं मॉडेल बदललं की रिलेंच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांच्या, मोठमोठ्या कपाटांतलं वायरिंग नव्यानं करावं लागे. १९६८ मध्ये जनरल मोटर्सनं त्यावर उपाय मागितला आणि तारांची जागा प्रोग्रॅमनं घेतली.

पुण्यासाठी हा प्रश्न आजचा आहे. विजेवरच्या गाडीत इंजिनच नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड नाही, कॅमशाफ्ट नाही, व्हॉल्व्ह नाहीत. या पार्टसाठी बांधलेल्या मशीनना मागणी आटत गेली तर दुसरं काम सहजी देता येणार नाही. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन मात्र राहतात. आणि नवी कामं येतात: मोटरच्या स्टेटरमध्ये, म्हणजे न फिरणाऱ्या भागात, तांब्याच्या वळवलेल्या पट्ट्या बसवणं, बॅटरीच्या सेल वेल्ड करणं, बॅटरीच्या पेटीची गळती तपासणं. गळती तपासण्यात ज्यांचा हात बसला आहे, त्यांना ही शेवटची वाट तुलनेनं जवळची आहे.

म्हणून आता एसपीएम बांधताना पाया, स्लाइड, हायड्रॉलिक आणि पीएलसी शक्यतो नेहमीच्या मापांतली ठेवतात, आणि पार्टला चिकटलेला भाग, म्हणजे फिक्श्चर आणि टूलहेड, सुटा करता येईल असा बनवतात. सुरुवातीला खर्च थोडा वाढतो. पण पार्ट बदलला की अख्खं मशीन भंगारात जात नाही.

याहून स्वस्त उपाय ड्रॉइंगच्या टेबलावर आहे. पार्ट डिझाइन करतानाच एसपीएमवाल्याला बोलावलं, तर तो बहुधा एवढंच मागतो: पकडायला दोन लहान सपाट उंचवटे द्या, आणि पुढच्या मॉडेलमध्येही ते याच जागी ठेवा. त्याला पार्टमागे काही ग्रॅम ॲल्युमिनियम जास्त लागतं. तेवढ्यावर तेच फिक्श्चर पुढच्या मॉडेललाही चालू शकतं. पार्टचा साचा एकदा तयार झाल्यावर हीच मागणी केली, तर उत्तर ठरलेलं असतं: आता साच्याला हात लावता येणार नाही, पुढच्या वेळी बघू.